चिखलातली बाहुली : एका नाटकावरून पडलेल्या तटांचा प्रकरण अभ्यास

आषाढी होऊन पंधरवडा उलटला होता. सदाशिव पेठेतल्या जेमतेम सव्वाशे खुर्च्यांच्या एका सभागृहात एका नव्या दोन अंकी नाटकाचा प्रयोग झाला. प्रयोगानंतरची चर्चा एरवी अर्ध्या तासात आटोपते. त्या रात्री रखवालदार येऊन घड्याळ दाखवून गेला तरी लोक उठेनात. एक गृहस्थ तावातावाने निघाले आणि जिन्यातून परत आले. नाटक करणारी पोरं भिंतीला पाठ लावून ऐकत होती आणि मुख्य नटाच्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळून तडकत होता.

या चर्चांचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. दर महिन्याला एक प्रयोग आणि त्यावर मोकळेपणाने बोलणं, असा आम्हा काही मित्रांचा उपक्रम आहे. त्या रात्रीचं सगळं तपशिलाने लिहून ठेवतो आहे, कारण वाद सुरू झाला तो श्रद्धाळू आणि अश्रद्ध अशा दोन तटांत, आणि तासाभरात ते तट मोडून भलतेच दोन तट उभे राहिले. हे कुणाच्या बोलण्याने झालं आणि पुढच्या प्रयोगात त्याचं काय झालं, हे नाटक करणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना दोघांनाही उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. नाटकाचं आणि माणसांची नावं देत नाही. मंडळी तरुण आहेत, प्रयोग चालू आहेत, एका संध्याकाळच्या वादाचा शिक्का त्यांच्या कामावर बसू नये.

नाटक

इंद्रायणीकाठच्या एका गावात गोरोबाकाकांवरच्या चित्रपटाचं चित्रीकरण चाललं आहे, असं हे नाटक. गोरोबाकाकांची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. पण ज्या तपशिलांवरून वाद पेटला ते समोर असलेले बरे. तेरचे गोरोबा कुंभार, ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले, संतमंडळीत वयाने वडील म्हणून ‘काका’. बायको संती तान्ह्या पोराला अंगणात ठेवून पाण्याला जाते. गोरोबा विठ्ठलाच्या नामात रंगून माती तुडवत असतात. पोर रांगत रांगत आळ्यात, म्हणजे माती तुडवायच्या खळग्यात येतं आणि पायांखाली जातं. त्यांना कळत नाही. पुढे संतीचा आक्रोश, विठोबाची आण, तोडलेले हात, आणि शेवटी पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हात परत फुटतात आणि पोर रांगत आईकडे येतं. महिपतींनी ‘भक्तविजय’ हा संतचरित्रांचा ओवीबद्ध ग्रंथ १७६२ मध्ये पूर्ण केला, म्हणजे गोरोबांनंतर साडेचारशे वर्षांच्या आसपास. आज घराघरात माहीत असलेली गोष्ट बरीचशी त्यांच्या ओव्यांतून आलेली आहे.

नाटकातला दिग्दर्शक चाळिशीचा, देव न मानणारा, आजोबा वारकरी. त्याची पटकथा संतीच्या आक्रोशावर संपते. पोर परत येत नाही. गोरोबाचं काम करणारा नट मावळातल्या माळकरी घरातला आहे. पहिला अंक मला पसरट वाटला. निर्मात्याचे फोन, जेवणाच्या गाडीची रखडपट्टी, हे सगळं आपण अनेकदा पाहिलेलं आहे. खरं नाटक दुसऱ्या अंकात, चिखलाच्या दृश्यापासून सुरू होतं.

रंगमंचावर ताडपत्रीचं आळं केलेलं होतं आणि त्यात खरी माती. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेली, चाळलेली, भिजवलेली. पहिल्या दोन रांगांपर्यंत तिचा वास येत होता. नट त्यात उतरतो, नाम घेत नाचतो, डोळे मिटतो. दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो, कारण कॅमेरा चेहऱ्यावर आहे आणि क्लोजअपमध्ये डोळे मिटले की प्रेक्षकाला आत जायला वाट राहत नाही. पुन्हा टेक. पुन्हा डोळे मिटतात. प्रत्येक टेकला धोतर पांढरंशुभ्र हवं, नाहीतर कंटिन्युटी बिघडते. म्हणून स्पॉटदादा दर वेळी नवं धोतर आणून देतो आणि चिखलाने भरलेलं घेऊन जातो. रंगमंचाच्या एका कोपऱ्यात त्या धोतरांचा ढीग वाढत जातो. सहाव्या टेकनंतर दिग्दर्शक ओरडतो, “डोळे उघडे ठेव म्हणून किती वेळा सांगू?” नट शांतपणे म्हणतो, “साहेब, डोळे उघडे असते तर पोर दिसलं नसतं का?”

या वाक्याला सभागृहात कुणी हललं नाही.

सातवा टेक ओके होतो. मग संतीचा आक्रोश. ती येते, आळ्याकडे बघते, किंकाळी फोडते, आणि दिग्दर्शक लगेच म्हणतो, “ओके. सुंदर. पुढचं.” शेवटी पॅकअप होतं. नट आळ्यातून बाहेर यायला तयार नाही. “पोर परत आल्याशिवाय मी निघणार नाही,” एवढंच तो म्हणत राहतो. युनिट निघून जातं. मागे राहिलेला स्पॉटदादा सामान गोळा करताना मातीत हात घालतो, पोराच्या जागी वापरलेली कापडी बाहुली बाहेर काढतो, खांद्यावरच्या पंचाने तिचं तोंड पुसतो आणि नटाच्या हातात देतो. अंधार.

पहिला अर्धा तास

सगळ्यात आधी उठले ते बँकेतून निवृत्त झालेले एक काका. रोज हरिपाठ करतात, वारीला जातात. “गोरोबाकाकांच्या भक्तीला तुम्ही टेक लावलेत,” ते म्हणाले. “सात वेळा नाचवलंत त्यांना, आणि शेवटी काय, तर बाहुली. आमच्या पोथीतलं पोर तुम्हाला बाहुली वाटतं?” या संहितेला परवानगी कुणी दिली, असंही त्यांनी विचारलं. मंडळींनी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र दाखवलं. त्याने काकांचं समाधान झालं नाही, आणि होण्याचं कारणही नव्हतं. कागदाने प्रयोगाची सोय होते, मन शांत होत नाही.

त्यांच्या पाठोपाठ लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संस्थेत चित्रपट शिकणारी एक मुलगी उठली. तिचा राग त्याच बाहुलीवर, पण उलट बाजूने. दिग्दर्शकाने धाडस करून चमत्कार कापला होता, तुम्ही तो शेवटच्या मिनिटात मागच्या दाराने आत घेतलात, असं तिचं म्हणणं. “तोंड पुसून पोर हातात दिलंत की! लोक डोळे पुसत बाहेर पडणार आणि म्हणणार, देव आहे. मग अख्खा दुसरा अंक कशासाठी?” तिला साथ मिळाली अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या एका ताईंची. त्यांचा मुद्दा साधा होता आणि मला तो जड वाटला. बेभान बापाच्या पायाखाली पोर गेलं या घटनेला आपण भक्तीची उंची म्हणतो, तीच घटना आज गावात घडली तर काय म्हणू?

पुण्यात असा प्रश्न विचारला जातो तेव्हा सभागृहातली हवा बदलते. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून ज्या पुलावर झाला, तो ओंकारेश्वराजवळचा पूल या सभागृहापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्या ताई बोलायला लागल्या तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी “बास आता” म्हणालं, आणि मला मध्ये पडावं लागलं. कुणालाही बसवायचं नाही, बोलण्याला बोलण्यानेच उत्तर द्यायचं, एवढा एकच नियम आमच्याकडे आहे आणि त्याबाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. प्रेक्षकांतल्या एका वकीलबाईंनी इथे एक उपयोगी गोष्ट सांगितली. २०१३ मध्ये महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यातच कीर्तन, भजन, हरिपाठ, आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, हे कायद्याच्या बाहेर ठेवलेलं आहे. म्हणजे गोष्ट सांगणं एक आणि आज कुणाला चमत्काराच्या नावाने नागवणं दुसरं, ही रेघ कायदा करणाऱ्यांनीही ओढली होती. ताई म्हणाल्या, “मला ते ठाऊक आहे. माझं भांडण गोष्टीशी नाहीच, गोष्ट सांगून झाल्यावर आपण गप्प बसतो त्याच्याशी आहे.”

काका आणि ती विद्यार्थिनी दोघंही एकाच हालचालीवर चिडले होते. पंचाने बाहुलीचं तोंड पुसणं. एकाला त्यात पोथीची टवाळी दिसली, दुसरीला पोथीची चाकरी. मी हे दोघांना बोलून दाखवलं. काका क्षणभर थांबले, मग म्हणाले, “तिला ती बाहुली जास्त वाटली, मला कमी वाटली.” त्या रात्रीचं हे पहिलं वाक्य, जे कुणाला टोचण्यासाठी बोललं गेलं नव्हतं.

जुना वाद

श्रद्धेची गोष्ट कॅमेऱ्यासमोर आणली की काय होतं, हा प्रश्न या गावाला नवा नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये दादासाहेब फाळक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाला दिल्या होत्या, आणि राम पडद्यावर येताच लोक पायातलं काढून ठेवत असं त्या काळाबद्दल सांगतात. एक पुरुष दोन्ही कामं करतो आहे हे न कळण्याइतके ते लोक भोळे नव्हते. त्यांना ते कळत होतं आणि तरीही हात जोडले जात होते.

पुण्याचं उदाहरण तर अधिक जवळचं. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून १९३३ मध्ये इथे आली. १९३५ मध्ये तिने एकनाथांवर चित्रपट केला, त्याचं ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरला चाललं नाही आणि ते ‘धर्मात्मा’ करावं लागलं. पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’ आला, दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीचा. त्यातलं ‘आधी बीज एकले’ तुकोबांचाच अभंग म्हणून कित्येकांनी गायलं, आजही गातात. ते लिहिलं आहे शांताराम आठवले यांनी, त्या चित्रपटासाठी. चर्चेत मी हे सांगितलं तेव्हा काकांना ते मुळीच रुचलं नाही. आपण ते भजनात म्हणतो, असं ते म्हणाले. म्हणाच, मी म्हणालो. स्टुडिओत जन्मलेलं गाणं टाळ-मृदंगात जाऊन बसलं, हे चित्रपटाचं भाग्य आहे आणि गाण्याचंही. तेव्हा टेक लावल्याने भक्ती बाटते हे मला पटत नाही, आणि चमत्कार दाखवला की कला संपते हेही पटत नाही. प्रभातच्या त्या स्टुडिओच्या जागेवरच आज लॉ कॉलेज रस्त्यावरची चित्रपट संस्था आहे; तिथे जी मुलं शिकतात त्यांच्या पायांखालची जमीनच असल्या चमत्कारांच्या चित्रीकरणाची आहे.

आळ्याजवळचे गृहस्थ

इथवर वाद नेहमीच्या वळणाने चालला होता. तो वळवला ज्यांची कुणीच अपेक्षा केली नव्हती अशा माणसाने. नाटकाला माती पुरवणारे कुंभारवाड्यातले एक गृहस्थ पत्नीला घेऊन प्रयोगाला आले होते. चर्चा चालू असताना ते उठून पुढे गेले, रंगमंचाच्या कडेला टेकले आणि आळ्यातल्या मातीत दोन बोटं घालून पाहू लागले. मी त्यांना बोलायची विनंती केली. ते आढेवेढे घेत होते, शेवटी नटाकडे बघून बोलले.

“बाळा, काम चांगलं केलंस. पण माती अशी नाचून तुडवत नाहीत. टाच दाबून, मधनं कडेला, फेरा धरत जायचं. का, तर खडा शोधायचा असतो. एक खडा राहिला तर मडकं भाजताना आव्यात फुटतं. चाळून घेतली तरी राहतो. तो डोळ्याला दिसत नाही, पायाला लागतो. आमचा बाप अंधारात तुडवायचा, हरभऱ्याएवढा खडा असला तरी थांबायचा.” मग जरा थांबून म्हणाले, “कुंभाराच्या पायाला खडा कळतो. त्याला पोर कळलं नाही. हे डोळ्यांचं काही नाही.”

सभागृहात कुणी काही बोलेना. नाटकातलं सगळ्यांना आवडलेलं वाक्य, डोळे उघडे असते तर पोर दिसलं नसतं का, या माणसाने एका दमात बाजूला सारलं होतं, तेही कुणाला न दुखावता. कुंभाराच्या बाजूने पाहिलं तर पोर परत येणं हा गोष्टीतला मोठा चमत्कार नाहीच. इतक्या जाणत्या पायांना न कळणं, हा मोठा आणि भयंकर. ती तंद्री किती खोल असेल याचा अंदाज लेखकाला आला नव्हता, दिग्दर्शकाला नव्हता, आम्हा कुणालाच नव्हता. कारण आम्ही कुणी माती तुडवलेली नव्हती. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या ताई हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझा प्रश्न आणखी अवघड झाला.” काका म्हणाले, “माझाही.”

मला विचाराल तर सगळ्या चर्चेत या नाटकाला मिळालेली सर्वांत मोलाची भेट हीच होती. श्रद्धेबद्दल बोलताना आपण लगेच डोळ्यांवर जातो. दर्शन, साक्षात्कार, डोळस, आंधळी. गोरोबांची गोष्ट पायांची आहे.

बुवा आणि आजी

आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले एक कीर्तनकार बुवा शेवटच्या रांगेत बसले होते. प्रकाशयोजना करणारा मुलगा त्यांचा भाचा. जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेल्या त्या संस्थेतून गावोगाव कीर्तनकार जातात, आणि गोरोबांचं चरित्र ज्याने सांगितलं नाही असा कीर्तनकार विरळा. काकांना वाटलं, बुवा आपल्या बाजूने बोलणार. विद्यार्थिनीनेही तीच तयारी ठेवली होती.

बुवा टेकवर अजिबात चिडले नव्हते. “माउली, सात वेळाच नाचला ना? मी हे आख्यान वीस-बावीस वर्षं सांगतो आहे. त्याच जागी थांबतो, त्याच जागी आवाज लावतो, त्याच जागी डोळे भरून येतात. खोटे नसतात ते. तालमीने भाव मरतो म्हणणाऱ्याने कधी मृदंग हातात घेतला नसेल.” मग त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. “माझं म्हणणं शेवटाबद्दल आहे. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की पोर परत येणार. तरी चिखलाच्या ओवीला बाया पदर डोळ्याला लावतात. परत येणार आहे म्हणून तर माणूस मोकळेपणी रडतो. तुम्ही ते येणं काढून घेतलंत. आता त्याने रडायचं कुणाच्या भरवशावर?”

विद्यार्थिनी म्हणाली, “पण बुवा, बाहुली दिली की पुसून.”

“दिली, बाळ. पण कुणाच्या हातात? ज्याच्या पायाखाली गेलं त्याच्या. पोथीत ते रांगत आईकडे जातं.”

यावर डाव्या बाजूला बसलेल्या, इतका वेळ एक अक्षर न बोललेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी बोलल्या. उभ्या राहिल्या नाहीत. माइक नको म्हणाल्या. “एक विचारू का? त्या गोरोबाला सात वेळा घेतलंत. डोळे असे, मान तशी. आणि ती संती आली, ओरडली, तर पहिल्यालाच ओके. आईचं रडणं कुणाला तपासून घ्यावंसं वाटलं नाही?”

संतीचं काम करणारी मुलगी भिंतीजवळ उभी होती. ती खाली बसली आणि तोंड हातांत लपवून बराच वेळ रडली. नंतर तिने सांगितलं, संहितेत संतीला चारच वाक्यं आहेत, आणि तालमीतही तिच्या किंकाळीवर कधी कुणी काम केलं नाही, कारण ती पहिल्या दिवसापासूनच चांगली होती.

इथे जुने तट मोडले. काका म्हणाले, “हे खरं आहे, आम्हीही ‘गोरोबा’ म्हणतो, संतीचं नाव कीर्तनापुरतं.” ताईंना वाटलं, आपणही बापाच्या भक्तीचीच झडती घेत बसलो. विद्यार्थिनीने दिग्दर्शकाच्या पात्राची बाजू घेऊन पाहिली, कथेच्या केंद्रावरच जास्त मेहनत होणार वगैरे, पण तिच्या आवाजात जोर राहिला नव्हता. आता एका बाजूला होते ते लोक ज्यांना संतीशिवाय हे नाटक अपुरं वाटत होतं. दुसऱ्या बाजूला होते ते, ज्यांना वाटत होतं की संतीचं चटकन ओके होणं हीच या नाटकाची खरी टीका आहे, ती न बोलता राहिली तरच टोचते, उलगडून सांगितली तर मेली. दोन्हीकडे माळकरी होते आणि दोन्हीकडे नास्तिक होते.

निघताना आम्ही प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देतो. त्या दिवशी प्रश्न ठेवला होता, नाटक चालू असताना तुम्ही कुठल्या क्षणी खुर्चीत सावरून बसलात? ‘आवडलं का’ असं आम्ही विचारत नाही; त्याचं उत्तर लोक जिन्यात ठरवतात. बहुतेकांनी बाहुली लिहिली, काहींनी डोळ्यांचं वाक्य. संतीचं ओके लिहिणाऱ्या चिठ्ठ्या निघाल्या, पण आजींच्या बोलण्याआधी तो क्षण कितीजणांना दिसला होता, हे त्यांच्यावरून सांगता येत नाही. चर्चेने पाहिलेलं नाटक मागाहून बदलतं. मला तो दोष वाटत नाही. कीर्तन ऐकून घरी आलेल्या माणसांतही हेच होतं.

पुढचा प्रयोग

मंडळींची नंतर जी बैठक झाली तिला मीही होतो. लेखक-दिग्दर्शक असलेल्या मुलाला शेवट बदलायचा नव्हता, आणि त्यात मी त्याच्या बाजूचा होतो. पोर परत आणलं असतं तर काका खूश झाले असते, पण बुवा नसते झाले. त्यांना परत येण्यामागचा भरवसा हवा होता, प्रसंग नव्हे, आणि तो एका रात्रीत लिहून येत नाही. संतीचं काम करणाऱ्या मुलीने मात्र आपला प्रवेश स्वतः बांधून आणला. संहितेत भर पडली म्हणून तेवढी पानं पुन्हा परिनिरीक्षणाला पाठवावी लागली, त्यात काही आठवडे गेले.

नव्या प्रयोगात किंकाळीनंतर दिग्दर्शक म्हणतो, “ओके. सुंदर. सेफ्टीसाठी एक घेऊ या.” चित्रीकरणावर हे वाक्य दिवसातून अनेकदा कानांवर पडतं. दुसऱ्या टेकला संती येते, आळ्याकडे बघते आणि ओरडतच नाही. गुडघ्यांवर बसते आणि दोन्ही हात कोपरांपर्यंत मातीत घालून चाचपत राहते. बाहुली त्या वेळी प्रॉपर्टीच्या टेबलावर आहे, हे प्रेक्षकाला दिसत असतं. तिलाही माहीत असतं. ती चाचपत राहते. दिग्दर्शक कट म्हणायचा विसरतो. नटाचं माती तुडवणंही बदललं आहे. कुंभारवाड्यातल्या त्या गृहस्थांनी तालमीला येऊन टाचेचा फेरा शिकवला. डोळ्यांचं वाक्य मात्र तसंच ठेवलं, कारण ते एका नटाच्या तोंडी आहे, कुंभाराच्या नाही. हा निर्णय मला बरोबर वाटतो.

शेवटी स्पॉटदादा बाहुली पुसतो, समोर दोघं मातीत बसलेली असतात, आणि तो ती कुणाच्याच हातात न देता आळ्याच्या काठावर ठेवून निघून जातो.

लोक पुन्हा दुभंगले. काका दुसऱ्यांदा आले होते आणि यावेळी जास्त नाराज होते; आधी निदान हातात तरी दिलं होतं, म्हणाले. विद्यार्थिनीला काठावरची बाहुली पटली, पण संतीचा दुसरा टेक तिला जास्त बोलका वाटला. ती अजूनही म्हणते की पहिल्या प्रयोगातलं ते तुटक ‘ओके’ अधिक क्रूर होतं आणि म्हणून अधिक खरं. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. आजींना मी फोन करून बोलावलं होतं. त्यांनी नाटकाबद्दल काही न बोलता त्या मुलीचे हात धुवायला गरम पाणी ठेवलंय का, एवढं विचारलं.

बुवांनी शेवट अजून मान्य केलेला नाही. पुढच्या प्रयोगाच्या दिवशी त्याच सभागृहात गोरोबांच्या आख्यानावर त्यांचं कीर्तन ठेवावं, आधी कीर्तन आणि मग नाटक, असं आम्ही सुचवलं. त्यांनी आनंदाने होकार दिला, पण क्रम उलटा मागितला. “आधी नाही, मी नंतर उभा राहीन. नाटकात गेलेलं पोर कीर्तनात परत यायला हवं. परत आलेलं पोर तुम्ही पुन्हा चिखलात घालायचं नाही.” नाटकाच्या दिग्दर्शकाला हे कठीण जातं आहे. कीर्तन नंतर झालं तर लोक काठावरची बाहुली घेऊन घरी जाणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. दोघांची यावर दोनदा बैठक झाली आहे, तिसरी ठरली आहे, आणि तारखेसाठी सभागृहाचं आगाऊ भाडं मी भरून ठेवलं आहे.